भिंतीपलीकडे

अझिलीझ, आज बत्तिसावा आठवडा.
नळीत फुंकलं तर आकडा चौसष्ट आला,
मागच्या खेपेला सहासष्ट होता.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशय वर सरकलंय,
फुप्फुसांना जागा कमी पडते.
हे आजारपण नव्हे, हे घरमालक-भाडेकरूचं भांडण.
मी हसले, हसता हसता खोकले,
आणि खोकताना, तुला सांगायला कसली लाज,
थोडी मुतले.
हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

आपल्या वेळची माहितीपत्रकं निराळी.
आठवतं? तू सतरा वर्षांची,
पाळी अजून आलेली नाही, वजन एकोणचाळीस,
आणि त्या पांढऱ्या कोटातल्या माणसानं आईकडे बघत सांगितलं
(तुझ्याकडे नव्हे, आईकडे)
की मुलाबाळांचा प्रश्नच उद्भवत नाही.
गाडीत बसल्यावर तू म्हणालीस,
'प्रश्न उद्भवत नाही' हे काय उत्तर झालं?
बाबा गेरांदच्या मिठागरातून तसेच आले होते,
बुटांना राखाडी चिखल, स्टिअरिंगवर बोटांचे पांढरे ठसे.
ते काही बोलले नाहीत.
अर्ध्या ब्रिटनीच्या लोण्यात त्यांचं मीठ,
आणि घरात दोन पोरी
घामावाटे ते सांडत बसलेल्या.

तुझे जंतू वेगळे, माझे वेगळे,
म्हणून खोल्या वेगळ्या.
तुझा पेला निळा, माझा पिवळा.
एका सोफ्यावर बसायचं नाही.
मधे एकच भिंत, आणि आपली टकटक.
दोन म्हणजे, जागी आहेस?
तीन म्हणजे, हो, झोप येत नाही.
चार म्हणजे, आईला हाक मार.
चार तू एकदाच वाजवलंस.

तुझ्यानंतर सहा वर्षांनी त्या गोळ्या आल्या.
पहिल्या रात्री इतका कफ सुटला
की मी बादली मांडीवर घेऊन बसले.
पहाटे शेजारच्या कॉफीचा वास आला,
भिंतीतून आल्यासारखा.
आणि आत, जिथं कुणी कधी डोकावलंच नव्हतं,
तिथलंही काहीतरी पातळ होत गेलं,
एक वाट मोकळी झाली, मला न विचारता.
पट्टीवर दोन रेघा बघून तांगी म्हणाला,
पण तुला सांगितलं होतं ना, होणार नाही म्हणून?
मला नव्हे, मी म्हटलं. आईला.

मग त्याचं रक्त गेलं तपासायला.
अकरा दिवस आम्ही एकमेकांना नुसतं मीठ दे, भाकर दे म्हणत राहिलो.
कागद आला : काही सापडलं नाही.
सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नव्हे, बाई दोनदा म्हणाल्या.
माझ्याकडून मात्र एक प्रत जाणारच,
माझ्या नाण्याला दोन्हीकडे छापाच.
गोळ्या सोडू का, विचारलं.
म्हणाल्या, पुरावा थोडा आहे,
पण श्वास तुमचा आहे, आणि त्यावर आता दोघं जगतायत.
सोडल्या नाहीत.
बरोबर केलं का, ते मला रात्री तीन वाजता माहीत नसतं.

आई रोज येते. विणते.
आधी बोटाएवढे मोजे विणले,
मग एक वर्षाचे, मग चारचे.
काल टोपलीत बघितलं,
तर दहा वर्षांच्या पोराचे, टाचेला दुहेरी लोकर.
कुणासाठी गं, म्हटलं.
म्हणाली, लोकर उरली होती.
मी त्या वेळी किती वर्षांची असेन,
हा हिशेब आम्ही दोघींनी
एकमेकींकडे न बघता केला.

आता वाफेचं यंत्र बंद केलंय.
तांगी झोपलाय. इन्सुलिन टोचून झालं.
खिडकीबाहेर भरतीचं पाणी मिठागरात शिरताना
जेवढा आवाज करतं, तेवढाच आवाज.
आणि बरगडीच्या खाली, आतून,
टक.

एकदाच.

अझिलीझ, एकचा अर्थ
आपण ठरवलाच नव्हता.
मी बोट दुमडून पोटावर धरलंय,
उत्तर किती वाजवू?